बॅटरी नवी, अल्टरनेटर नवा, तरी दिवे मंदावतातच? आधी बॉडी अर्थ तपासा

गाडीतला इलेक्ट्रिकचा दोष कायमचा असेल तर तो सापडतोच. हॉर्न अजिबात वाजत नाही म्हटल्यावर फ्यूज, रिले, स्विच, वायर असं एकेक बघत गेलं की कुठेतरी हाताला लागतो. खरा छळ होतो तो येऊन-जाऊन असणाऱ्या दोषाचा. गॅरेजात नेली की गाडी व्यवस्थित, घरी आणली की चार दिवसांत पुन्हा तेच. मग अंदाजाने एकेक पार्ट बदलला जातो आणि मालकाचे पैसे जात राहतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण यातले पुष्कळ दोष साध्या डिजिटल मल्टीमीटरने घरच्या पार्किंगमध्ये पकडता येतात. मीटर कुठे लावायचा आणि कधी लावायचा, एवढंच माहीत हवं.

खाली लिहिलेली केस ऐरोलीतली आहे. आमच्याच मजल्यावरच्या वहिनींची छोटी पेट्रोल हॅचबॅक, एमएच ४३ पासिंगची, बरीच वर्षं वापरलेली. त्या रोज ऐरोलीहून दिघा, विटावा, कळवा पूल असं करत ठाण्याला कामाला जातात. पावसाळा लागला तसा त्रास सुरू झाला. मध्येच स्टिअरिंग एकदम जड होतं, डॅशबोर्डच्या मीटरमध्ये ईपीएसचा, म्हणजे इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा, पिवळा दिवा लागतो, हेडलाइट मंदावतात, ब्लोअरचा आवाज उतरतो. गाडी बंद करून परत चालू केली की सगळं ठीक.

आधी बॅटरी बदलून झाली होती. फरक नाही. मग अल्टरनेटर. तरीही नाही. नंतर एका गॅरेजात बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थचा, म्हणजे बॅटरीचं मायनस गाडीच्या पत्र्याला जोडणारा, बोल्ट साफ करून दिला, तेव्हा काही आठवडे गाडी छान चालली आणि एका पावसाळी संध्याकाळी पुन्हा तेच झालं. शेवटी सांगण्यात आलं की पॉवर स्टिअरिंगची मोटर गेली, मोटरसकट कॉलम बदला. तो आकडा ऐकून वहिनी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “भाऊजी, एवढे पैसे घालायच्या आधी तुम्ही एकदा बघता का?” माझं आयुष्य रबाळे एमआयडीसीत कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये गेलंय. मोटर पॅनेलमध्ये गरम होणारा जॉइंट शोधायला आम्ही जी पद्धत वापरायचो, तीच इथे लागू पडते.

मीटर उघडायच्या आधी मी त्यांना एक काम दिलं. त्रास झाला की त्याच दिवशी वहीत लिहायचं: पाऊस होता का, हेडलाइट चालू होते का, एसी चालू होता का, गाडी पळत होती की उभी होती, आणि नेमकं त्या क्षणी तुम्ही काय करत होता. त्यांनी ते इतकं नीट लिहिलं की निम्मं निदान तिथेच झालं. वेगात असताना एकदाही झालं नव्हतं. दर वेळी एकतर पार्किंगमध्ये गाडी वळवताना किंवा ठाणे-बेलापूर रोडवर यू-टर्न मारताना, आणि बहुतेक वेळा संध्याकाळी, म्हणजे हेडलाइट आणि ब्लोअर दोन्ही चालू. आणखी एक ओळ त्यांनी लिहिली होती, ती मला सगळ्यात मोलाची वाटली: “सेल्फ मात्र एका झटक्यात लागतो.”

ही ओळ मोलाची का, ते कळायला गाडीतला करंट परत कुठून येतो ते बघावं लागतं. प्लसची वायर प्रत्येक वस्तूपर्यंत जाते, पण मायनसची वायर प्रत्येक वस्तूपासून बॅटरीपर्यंत येत नाही. गाडीचा पत्राच परतीची वाट असतो. पुष्कळ गाड्यांत बॅटरीच्या मायनसपासून दोन केबल निघतात. जाड केबल इंजिन किंवा गिअरबॉक्सला जाते. सेल्फ आणि अल्टरनेटर इंजिनवर बसलेले असल्यामुळे त्यांचा करंट तिथून परततो. दुसरी, जरा बारीक, बॅटरीच्या ट्रेजवळ बॉडीच्या पत्र्याला बोल्टने आवळलेली असते. हेडलाइट, ब्लोअर, हॉर्न, वायपर, ईपीएस यांचा करंट पत्र्यातून या केबलने बॅटरीकडे येतो. काही गाड्यांत मांडणी वेगळी असते, मायनस आधी बॉडीला आणि तिथून पट्टीने इंजिनला. म्हणून बॉनेट उघडून आपल्या गाडीतल्या केबल कुठे जातात ते आधी डोळ्यांनी बघून घ्यावं.

आता लक्षणांचे दोन गट पडतात. इंजिनचा अर्थ, म्हणजे ती जाड केबल, खराब असेल तर सेल्फ मरगळतो, टकटक करतो, चार्जिंग कमी पडतं. बॉडीचा अर्थ, म्हणजे बारीक केबल, खराब असेल तर सेल्फ झकास लागतो आणि दिवे, ब्लोअर, स्टिअरिंग असा बॉडीवरचा सगळा गोतावळा एकदम ढिला पडतो. वहिनींची गाडी उघडच दुसऱ्या गटातली होती. बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही आधीपासून ठणठणीत होते, म्हणून ते बदलून काही झालं नाही. इंजिन कधी बंद पडलं नाही, कारण या गाडीत ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा, अर्थ इंजिनवरच आहे.

आणि वळणावरच का? इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची मोटर सरळ रस्त्यावर नगण्य करंट घेते. गाडी जवळजवळ उभी असताना चाकं वळवली की तीच मोटर काही क्षण ४० अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढते. हेडलाइटच्या ५५ वॅटच्या दोन बल्बना साधारण ९ अँपिअर लागतात आणि फुल स्पीडवरचा ब्लोअर १५ च्या आसपास घेतो. हे सगळं एकत्र आलं की परतीच्या एका केबलवर ६० अँपिअरचा भार पडतो. जॉइंटमध्ये ०.०५ ओहमचा अडथळा असेल तर ९ अँपिअरला अर्धा व्होल्टही पडत नाही आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ६० अँपिअरला तोच अडथळा ३ व्होल्ट खातो. बॅटरीवर साडेतेरा असले तरी ईपीएसला साडेदहाच मिळतात. जॉइंट आणखी थोडा सैलावला की ईपीएसचा कंट्रोलर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो आणि इग्निशन बंद-चालू होईपर्यंत बंदच राहतो. गाडी रीस्टार्ट केल्यावर सगळं ठीक व्हायचं, ते यामुळे.

इथेच ओहम मोजून तपासणारे फसतात. गॅरेजातल्या मुलाने केबलची दोन टोकं मीटरने तपासून “०.३ दाखवतोय, केबल चांगली आहे” असं सांगितलं होतं. साध्या मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्या तरी ०.२ ते ०.३ ओहम दिसतात. तो त्या पिनांच्या वायरींचाच अडथळा असतो. त्यात ०.०५ कुठे दिसणार? केबलच्या आतल्या बहुतेक तारा कुजून दोन-चार उरल्या असल्या तरी ओहमवर केबल चांगलीच दिसते. जाड केबलची परीक्षा तिच्यातून भरपूर करंट वाहत असतानाच घ्यायची. करंट वाहत असताना दोन टोकांमध्ये किती व्होल्ट पडतात, ते मोजायचं. यालाच व्होल्टेज ड्रॉप टेस्ट म्हणतात.

ती अशी केली. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. रेडिएटरचा पंखा मनाला येईल तेव्हा फिरतो, त्यामुळे ओढणी, सैल बाही आणि मीटरच्या वायरी पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब. मीटर डीसी २० व्होल्टवर. काळी पीन बॅटरीच्या मायनस खांबावर, म्हणजे शिशाच्या खुंटावरच, क्लॅम्पवर नाही. लाल पीन बॉडीच्या उघड्या धातूवर, रंगावर नाही. सस्पेन्शनच्या टॉपचा बोल्ट जरा खरवडला की चांगली जागा मिळते. इंजिन चालू, बाकी सगळं बंद: ०.२ व्होल्ट. आदर्श नाही, पण यावरून कुणी केबल बदलणार नाही. हेडलाइट आणि ब्लोअर फुल: १.१. एवढ्यावरच माझी खात्री पटली. मग वहिनींना स्टिअरिंग हळूहळू पूर्ण वळवायला सांगितलं. आकडा २.८ वर गेला, एकदा तीनच्या पुढे सरकला, आणि त्याच क्षणी पिवळा दिवा लागला. सगळे मागे लागले होते तो दोष पार्किंगमध्ये, गाडी जागेवर उभी असताना समोर आला. स्टिअरिंग टोकाला नेऊन दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त धरू नये, मोटर तापते.

तुमच्या गाडीसाठी अंदाज असा ठेवा: दिवे आणि ब्लोअर चालू असताना बॉडी अर्थचा ड्रॉप ०.१ व्होल्टच्या आत, आणि मोठ्या भाराला ०.२ च्या आत असायला हवा. इंजिन अर्थचा ड्रॉप सेल्फ मारताना मोजायचा, तिथे ०.२ उत्तम, आणि अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर केबल किंवा जॉइंट नक्की बिघडलाय.

दोष आहे हे कळलं, आता नेमका कुठे? काळी पीन खांबावरच ठेवली आणि लाल पीन एकेक पायरी पुढे नेली, दिवे आणि ब्लोअर चालू ठेवून. खांब ते क्लॅम्प: जवळजवळ शून्य. खांब ते केबलच्या दुसऱ्या टोकाचा लग, म्हणजे बोल्टखाली बसणारी धातूची कडी: एक व्होल्टच्या वर. लग ते पत्रा: पुन्हा जवळजवळ शून्य. म्हणजे सगळा ड्रॉप केबलच्याच पोटात होता. हात लावून बघितला तर लगाशेजारी दोन बोटं केबल चांगली गरम होती आणि बाकीची थंड. एवढ्या भाराला तिथे पंचवीस-तीस वॅट नुसते उष्णतेत जात होते.

केबल काढून कव्हर चिरलं. लग वरून चकचकीत होता, तो मागच्या वेळी पॉलिश पेपरने घासलेला. पण लगात दाबलेल्या तांब्याच्या तारा काळ्या-हिरव्या पडून भुसभुशीत झाल्या होत्या आणि तो काळेपणा कव्हरच्या आत वीतभर चढला होता. बारीक तारांच्या फटींतून ओलावा आपोआप आत ओढला जातो आणि कव्हरमुळे सुकत नाही. त्यात आमची सोसायटी खाडीच्या बाजूला. दमट खारी हवा बारा महिने, पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली साचलेल्या पाण्यातून गाडी काढायची, आणि हा लग अगदी बॅटरीच्या ट्रेखाली, जिथे जुन्या बॅटरीचं अॅसिडही कधीतरी ओघळलं असणार. ठाणे-नवी मुंबईत खाडीलगत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हा जॉइंट मी सगळ्यात आधी बघतो.

दोष परत का आला, त्याचं उत्तरही त्या वीतभर केबलमध्ये होतं. बोल्ट साफ करताना केबल हलली, वाकली, कुजलेल्या तारा तात्पुरत्या एकमेकींना टेकल्या आणि गाडी सुधारली. हात लागला म्हणून बरी झाली. इंजिनच्या हादऱ्यांनी आणि ओलाव्याने काही आठवड्यांत पूर्ववत. ज्या जागेला हात लावल्यावर दोष जातो, त्या जागेवर संशय वाढवायला हवा, कमी करायला नको.

शेजारी इंजिन आणि बॉडी जोडणारी एक छोटी विणलेली पट्टीही होती. ती निम्म्याहून जास्त तुटली होती. ती शाबूत असती तर काही भार तिने उचलला असता. दोन्ही बदलल्या.

दुरुस्तीत कंजुषी करू नये. १६ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची लवचिक केबल घेतली. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबलही मिळते, ती स्वस्त आणि हाताला हलकी लागते. टोक खरवडलं की आत पांढरं दिसतं. ती घेऊ नका. लग पकडीने चेपून किंवा हातोडीने ठोकून बसवू नका. हायड्रॉलिक क्रिंपिंग मशीन असलेल्या इलेक्ट्रिक दुकानात केबल आणि लग नेले तर बसवून देतात. त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी, चढवायची, म्हणजे पाणी आत शिरत नाही. नुसती काळी टेप गुंडाळली तर ती ओलावा धरून ठेवते.

बॅटरीचं मायनस आधी काढायचं आणि शेवटी लावायचं. उलट केलं तर प्लसवरचा पाना बॉडीला लागून मोठी ठिणगी पडते. पत्र्यावरचा गंज आणि रंग लगाच्या आकाराएवढा घासून धातू चकचकीत केला, दातेरी वॉशर घातला, बोल्ट नीट आवळला आणि मग वरून पेट्रोलियम जेलीचा थर दिला. जेली आधी लावून लग बसवण्यापेक्षा हा क्रम बरा: धातूवर धातू घट्ट बसू द्यायचा, मग बाहेरून हवा-पाणी बंद करायचं. पत्र्याच्या उरलेल्या उघड्या भागाला रंग.

पुन्हा तोच भार देऊन मोजलं. दिवे आणि ब्लोअर: ०.०४. स्टिअरिंग टोकाला: ०.१. ईपीएसच्या मोटरला कुणी हातही लावला नाही आणि ती आजतागायत नीट चालते आहे.

स्कॅनरबद्दल, म्हणजे गाडीला जोडून दोषाचे कोड वाचणाऱ्या यंत्राबद्दल, एक सांगायला हवं. या गाडीत स्कॅनरवर ईपीएसचा कोड आला आणि त्यावरून मोटर बदलायचा सल्ला निघाला. कोड खोटा नव्हता. ईपीएसला व्होल्टेज कमी पडलं, एवढंच तो सांगत होता. पी ०५६२ म्हणजे सिस्टिम व्होल्टेज लो, हा कोड किंवा एकाच वेळी तीन-चार वेगवेगळ्या मॉड्यूलची (गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरची) लो व्होल्टेजची तक्रार दिसली, तर त्या सगळ्यांना मिळून करंट देणारी आणि परत नेणारी जी वाट असते ती आधी तपासा. तीन-चार मॉड्यूल एकाच दिवशी मरत नाहीत.

तुमच्याकडे मायनसचे सगळे आकडे चांगले आले तर हीच टेस्ट प्लसच्या बाजूने करा. एक पीन बॅटरीच्या प्लस खांबावर, दुसरी फ्यूजबॉक्सच्या मुख्य बोल्टवर, भार तोच. तिथेही ०.२ च्या आत हवं. मेन फ्यूजचे छोटे नट ढिले पडलेले पुष्कळदा सापडतात. नंतर बाहेरून बसवलेल्या वस्तू: फॉग लॅम्प, रिव्हर्स कॅमेरा, म्युझिक सिस्टिम, जिथे कुणीतरी वायर सोलून पीळ मारून टेप लावलेली असते. आणि उंदीर. नाल्याशेजारी किंवा मंडईजवळ गाडी उभी राहत असेल तर हार्नेसवर, म्हणजे वायरींच्या जुडग्यावर, दातांच्या खुणा शोधा, विशेषतः इंजिनच्या मागच्या बाजूला, जिथे ऊब असते.

रात्रीत बॅटरी उतरते हा प्रकार वेगळा, त्याला ही टेस्ट उपयोगाची नाही. तिथे गाडी लॉक करून सगळी मॉड्यूल झोपेपर्यंत अर्धा तास थांबायचं आणि मग प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टिकल्यांवर मिलिव्होल्ट मोजायचे. ज्या फ्यूजवर आकडा दिसतो त्या सर्किटमध्ये करंट वाहतोय. फ्यूज उपटून तपासू नका, परत लावताना मॉड्यूल जागी होतात आणि मापन फसतं. एकूण ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक. ३०० असेल तर दिवसाला ७ अँपिअर-अवरच्या वर जातात, आणि ४५ अँपिअर-अवरची बॅटरी तीन-चार दिवस उभ्या गाडीत सेल्फ मारायच्या लायकीची राहत नाही.

नव्या गाड्यांत मायनस क्लॅम्पवर एक छोटा सेन्सर असतो, तो बॅटरीतून जाणारा-येणारा करंट मोजतो. जादा अर्थ वायर टाकायची असेल तर ती सेन्सरच्या पलीकडे, बॉडीवर जोडा, थेट खांबावर नाही. नाहीतर गाडीला बॅटरीचा हिशेब चुकीचा कळतो. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी रंगाच्या केबलना घरी अजिबात हात लावायचा नाही. हे सगळं फक्त १२ व्होल्टच्या बाजूसाठी आहे.

मीटर स्वतः लावायचा नसेल तर वायरमनला नुसतं “अर्थ बघा” म्हणू नका, तो बोल्ट आवळून देईल. “दिवे आणि ब्लोअर चालू ठेवून, स्टिअरिंग वळवताना खांब ते बॉडी ड्रॉप किती येतो ते मीटरवर दाखवा” असं सांगा आणि आकडा स्वतः बघा. वहिनींच्या गाडीत मी दुरुस्तीनंतरचे दोन आकडे आणि तारीख बॉनेटच्या आतल्या बाजूला स्टिकरवर लिहून ठेवलीत. दर मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, हीच दोन मापं पुन्हा घ्यायची ठरलं आहे. स्टिअरिंग वळवतानाचा आकडा ०.२ च्या वर गेलेला दिसला तर बोल्ट घासत न बसता केबल काढून आतून बघायची.